लाळेची साक्ष

१७ मार्च १८८४ या दिवशी कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी त्याला मांडीवर घेतलं. नाव बदललं, आडनाव बदललं. कागलचे घाटगे करवीरचे भोसले झाले आणि महाराष्ट्राला राजर्षी शाहू मिळाले. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८७५ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव असाच बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तो मात्र गायकवाडांच्याच एका दूरच्या शाखेतला. त्याचं आडनाव तेच राहिलं.

दत्तकविधान दोन्हीकडे यथासांग, हक्क दोन्हीकडे पूर्ण. पण आजच्या जनुकीय प्रयोगशाळेत या दोन घराण्यांचे निकाल वेगळे लागतील. सयाजीरावांच्या पुरुषवंशात, कागदावरची वंशावळ खरी असेल तर, जुन्या गायकवाडांचीच खूण चालू राहिलेली दिसेल. शाहू महाराजांच्या मुलग्यांत उतरलेली खूण घाटग्यांची असेल. इतिहासाला, कायद्याला आणि प्रजेला या फरकाचं काही पडलेलं नाही, आणि पडायचं कारणही नाही. आडनावाचं मूळ शोधण्यासाठी नळीत थुंकणाऱ्याने मात्र तो आधीच ध्यानात घ्यावा. प्रयोगशाळा सांगते ती रक्ताची गोष्ट असते, घराण्याची नव्हे.

चाचणी करायला सोपी. अमेरिकेत नि युरोपात वीसेक वर्षांपासून ती घरपोच मिळते. खोक्यात एक प्लास्टिकची नळी येते. अर्धा तास आधी खायचं-प्यायचं नाही, मग नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ साठवायची. फेस धरायचा नाही. हे वाटतं तेवढं सोपं नसतं, म्हाताऱ्या माणसांची तर तोंडं कोरडी पडतात. वर झाकण घट्ट बसवलं की त्यातला द्रव लाळेत उतरतो आणि लाळ टिकवून धरतो. नळी हलवायची, पाकिटात घालायची, टपालात टाकायची. काही आठवड्यांनी पडद्यावर रंगीत नकाशा येतो, टक्केवारी येते आणि अनोळखी नातेवाइकांची लांबलचक यादी.

या निकालात तीन वेगवेगळ्या साक्षी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या न काढल्यामुळे बहुतेक गोंधळ होतात. पहिली साक्ष वाय गुणसूत्राची. ते बापाकडून फक्त मुलाला मिळतं, म्हणजे आपल्याकडे आडनाव ज्या वाटेने चालतं त्याच वाटेने. दुसरी मायटोकाँड्रियातल्या डीएनएची. ही १६,५६९ अक्षरांची छोटीशी साखळी आई मुलगा-मुलगी दोघांनाही देते, पण पुढे नेते ती फक्त मुलगी. तिसरी साक्ष उरलेल्या सगळ्या गुणसूत्रांची. ती आई-बाप दोघांकडून निम्मी निम्मी येते आणि दर पिढीला नव्याने पिसली जाते. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, पण त्यातल्या पुष्कळांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. वंशावळीत असलेला इतका मागचा पूर्वज गुणसूत्रांत नसणं यात काहीही संशयास्पद नाही.

वाय गुणसूत्र टिकतं ते जवळजवळ जसंच्या तसं. बापाच्या वहीवरून मुलाने, त्याच्या वहीवरून नातवाने नक्कल उतरवावी आणि क्वचित एखादा काना-मात्रा चुकावा, तसं त्याचं चालतं. याच चुका उपयोगाच्या असतात. दोन माणसांच्या वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक ३७ किंवा १११ जागा ताडून पाहिल्या आणि फरक एखाद-दुसराच निघाला, तर त्यांचा समान पुरुष पूर्वज फार मागे नाही. फरक वाढत जातील तसा तो पूर्वज मागे मागे सरकतो.

आडनावाला हे गणित पहिल्यांदा लावलं ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी. ग्लॅक्सो या औषध कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स. ते तुमचे कोण, असं प्राध्यापकांना विचारलं गेलं. ठाऊक नव्हतं. जनुकशास्त्रज्ञाला असा प्रश्न पडला की तो पत्रिका पाहत नाही, नमुना मागतो. दोघांची वाय गुणसूत्रं जुळली. मग साइक्सांनी यॉर्कशायर, लँकाशायर आणि चेशायर या परगण्यांतल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांना पत्रं पाठवली आणि ४८ जणांचे नमुने तपासले. हे आडनाव सीमेवरच्या ओढ्यावरून आलेलं, आणि उत्तर इंग्लंडात असे ओढे ठायी ठायी. त्यामुळे साइक्सांचे मूळपुरुष अनेक असणार, असंच आडनावांचे अभ्यासक धरून चालले होते. २००० साली निकाल छापून आला तेव्हा ४८ पैकी जवळपास निम्म्यांत एकच वाय गुणसूत्र निघालं, आणि ते त्याच भागातल्या इतर लोकांत सापडलं नाही. म्हणजे सातएकशे वर्षांपूर्वीचा एकच मूळपुरुष.

उरलेल्या निम्म्यांचं काय? त्यांची गुणसूत्रं आसपासच्या कुणाचीही असावीत तशी होती. दर पिढीला सरासरी १.३ टक्के ठिकाणी बाप वेगळा आणि आडनाव वेगळं असं झालं असेल, तर इतकी पांगापांग होते, असा हिशेब साइक्सांनी मांडला. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ लगेच बायकांच्या व्यभिचाराशी जोडला. खरं तर या १.३ टक्क्यांत दत्तक मुलं आहेत, मामाच्या इस्टेटीसाठी मामाचं आडनाव लावणारे आहेत, पहिल्या नवऱ्याची मुलं दुसऱ्याच्या नावाने वाढवणाऱ्या विधवा आहेत. कागलहून कोल्हापूरला गेलेला मुलगाही या हिशेबात त्याच रकान्यात पडला असता.

पुढे लेस्टर विद्यापीठात तुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी हा शोध बराच वाढवला. २००९ मध्ये त्यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची पाहणी छापली. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार, म्हणून एका स्मिथचा दुसऱ्या स्मिथशी संबंध रस्त्यावरच्या कुठल्याही इंग्रजाशी असेल तितकाच. याउलट ॲटनबरो हे दुर्मिळ आडनाव, आणि त्यातले बहुसंख्य पुरुष एकाच पूर्वजाचे. आडनाव जितकं दुर्मिळ तितकी त्याची रक्ताची साक्ष भरवशाची, हा तो नियम.

याच चमूने २००७ मध्ये एक भलतीच गोष्ट उजेडात आणली होती. पूर्व यॉर्कशायरमधल्या एका विरळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत असं वाय गुणसूत्र निघालं, जे तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांखेरीज जवळजवळ कुठेच आढळलेलं नव्हतं. माणसं दिसायला गोरीपान, कागदपत्रं अठराव्या शतकापर्यंत अस्सल यॉर्कशायरची. कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी एक आफ्रिकी पुरुष तिथे रुजला होता आणि त्याची बाकी सगळी चिन्हं पुसली जाऊन एवढी एकच उरली होती.

ही साक्ष उलटतपासणीत किती टिकते, हे पाहायला अमेरिकेतलं थॉमस जेफरसनचं प्रकरण चांगलं. तो राष्ट्राध्यक्ष असताना, १८०२ मध्ये, जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने छापलं की जेफरसनला सॅली हेमिंग्ज या आपल्याच गुलाम स्त्रीपासून मुलं आहेत. ही सॅली जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण. जेफरसनच्या घरच्यांनी पुढे सांगितलं की मुलं त्याच्या बहिणीच्या मुलांची, म्हणजे कार बंधूंची आहेत. १९९८ मध्ये निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ यूजीन फॉस्टर यांनी हा वाद प्रयोगशाळेत नेला. जेफरसनच्या औरस मुलग्यांचा वंश चाललेला नव्हता. म्हणून त्याच्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसनच्या पुरुषवंशातल्या पाच जणांचं रक्त घेतलं. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं वाय गुणसूत्र त्यांच्याशी जुळलं. कार वंशाशी जुळलं नाही. सुमारे दीडशे वर्षं घराण्याने सांगितलेली गोष्ट एका निकालासरशी पडली. मात्र त्याच तपासणीत वुडसन नावाच्या दुसऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाचाही भ्रमनिरास झाला. आपण जेफरसनचे, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. त्यांचं गुणसूत्र जुळलं नाही.

आणि तरीही फॉस्टरांच्या चाचणीने थॉमस जेफरसनच बाप, असं सिद्ध केलेलं नाही. वाय गुणसूत्र वंश सांगतं, व्यक्ती सांगत नाही. थॉमसचा भाऊ रँडॉल्फ याचंही गुणसूत्र तेच. शेवटी तराजू झुकला तो कागदांनी. सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन घरी, माँटिसेलोत होता, हे त्याच्याच नोंदींतून निघतं. पुरावा पुरा झाला तो गुणसूत्र आणि वही एकत्र बसल्यावर.

आता कोकणात येऊ, कारण आडनाव आणि वंश यांची गाठ इतकी चमत्कारिक दुसरीकडे क्वचितच बसली असेल.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. ही माणसं घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाला त्यांनी ‘कर’ जोडला: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, आष्टमकर. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या आणि १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांना त्यांचे समकालीन समाजी हसाजी दिवेकर म्हणत.

इथे आडनावाची चाचणी पहिल्याच पायरीवर घसरते. पेणकर ज्यूही आहेत आणि हिंदूही. दोन पेणकरांची वाय गुणसूत्रं ताडून कळणार एवढंच, की त्यांचे पूर्वज एकाच गावच्या पाण्यावर वाढले. इंग्लंडातला स्मिथ तो हाच.

पण समाज म्हणून तपासणी केली तेव्हा उत्तर मिळालं. येदाएल वाल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ बेने इस्रायल व्यक्तींचे जनुकसंच जगभरातल्या ज्यू आणि भारतीय गटांशी ताडून पाहिले आणि मार्च २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. बेने इस्रायलांत भारतीय अंश मोठा आहे, आणि त्याच्या जोडीला मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं सांगणारा ठसठशीत अंशही आहे. आसपासच्या इतर भारतीय समाजांत तो नाही. ज्यू अंश अधिक करून पुरुषांकडून आला, स्थानिक अंश स्त्रियांकडून. आधीच्या मायटोकाँड्रियाच्या अभ्यासानेही मातृवंश बहुतांशी इथलाच दाखवला होता. सात बायका गलबतातून आल्या, या भागाला विज्ञानाने फारसा दुजोरा दिला नाही. ज्यांच्या घरात मराठी, अंगावर नऊवारी आणि एलियाहू हनाबीच्या नवसाला पोहे-खोबरं-साखरेचा मलिदा, त्या आज्यांना याचं कितपत नवल वाटलं असतं, ही शंकाच आहे.

काळाचा मेळ मात्र सहज बसत नाही. कथा सांगते दोन हजार वर्षं. जनुकांतल्या तुकड्यांच्या लांबीवरून निघालेलं मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचं. यावरून गलबताची कथा खोटी ठरवणारे घाई करतात. हा आकडा रक्त मिसळल्याचा काळ सांगतो, किनाऱ्याला पाय लागल्याचा नव्हे. लोक आधी आले आणि शतकानुशतकं आपसांतच राहिले, असंही घडू शकतं. उशिरा आले असंही.

या समाजाला वंशाचा दाखला मागितला गेला तो या चाचण्यांच्या कितीतरी आधी. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचं तर त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंत चौकशी करावी, असा फतवा तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये काढला. कोकणातून गेलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. हक्क मिळाला तो रस्त्यावर बसून. आणि वाल्डमन यांचा निबंध आला त्याच वर्षी, जून २०१६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोही कुणाची लाळ न मागता.

बेने इस्रायलांच्या निकालात आईची बाजू जशी अचानक समोर येते, तशीच ती सुरतेच्या एका बाईच्या बाबतीत आली. एलायझा केवार्क ही सुरतेत थिओडोर फोर्ब्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश माणसाच्या घरी राहणारी. तिला त्याच्यापासून कॅथरिन नावाची मुलगी झाली. फोर्ब्सने मुलीला लहानपणीच ब्रिटनला पाठवून दिलं. एलायझा इथेच राहिली. ब्रिटनमधल्या कुटुंबात तिची ओळख ‘आर्मेनियन’ अशी सांगितली जाई. कॅथरिनपासून मुलीची मुलगी, तिची मुलगी असं उतरत हा वंश राजकन्या डायनापर्यंत येतो. २०१३ मध्ये डायनाच्या आईकडच्या दोन दूरच्या नातेवाइकांच्या लाळेत मायटोकाँड्रियाचा आर ३० बी हा प्रकार सापडला. तो जवळपास केवळ भारतीयांत आढळतो. म्हणजे ब्रिटनचा युवराज विल्यम याच्यात सुरतेच्या त्या बाईची खूण आहे. त्याच्या मुलांत ती नाही. त्यांना त्यांच्या आईची मिळाली.

आपल्याकडच्या वंशावळींत एलायझाची जागा शोधायला गेलं तर सापडत नाही. आपल्याकडे वह्यांची उणीव नाही. त्र्यंबकेश्वर नि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांत यजमानाच्या सहीने गाव, वाडवडील, भावंडं, तिथी सगळं उतरवलेलं असतं. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी सुगीनंतर दारी येतात, घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. पण या साऱ्यांचा कणा पुरुषाचा. लग्नात बाईचं आडनाव तर जातंच, पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही जातं. कुलवृत्तांतात ती ‘भार्या’ म्हणून येते आणि फार तर कंसात माहेर. तिच्या आईची आई कोण, हे तिथे मिळणार नाही. आपल्या वह्यांनी जे टिपलं नाही ते मायटोकाँड्रिया टिपतं, आणि मराठी माणसाला या चाचणीतून खरोखर नवं काही मिळायचं असेल तर ते याच बाजूने, असं या लेखाचं मत आहे.

पुरुषवंशाच्या बाजूने आपली अडचण इंग्रजांहून मोठी. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनं होती. हुद्दा ज्याच्याकडे गेला त्याने तो आडनावासारखा लावला. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, कायस्थ प्रभूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. एका देशमुखाचं वाय गुणसूत्र दुसऱ्याशी जुळेल ही अपेक्षाच चुकीची. दुसरीकडे जात-पोटजातीतल्या विवाहांमुळे बाकीची गुणसूत्रं प्रमाणाबाहेर जुळतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं, की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी सगळ्यांचं सगळ्यांशी मिश्रण चाललेलं होतं आणि मग दारं लागत गेली. २०१७ मध्ये २६० हून अधिक गट तपासले, तेव्हा ८१ गटांत थोड्याशा मूळ माणसांपासून वाढ झाल्याची खूण युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंहूनही ठळक निघाली. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात तर शस्त्रक्रियेच्या भुलीतलं एक औषध न सोसणारा दोष याच कारणाने शंभरपट अधिक आढळतो. भूलतज्ज्ञ तिथे आधी समाज विचारतात. त्यात आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत. परिणामी न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी माणसाला यादीत शेकडो ‘चुलत भावंडं’ दिसतात. बहुतेकांशी त्याचं नातं एवढंच, की दोघांचे पूर्वज पन्नास पिढ्या एकाच वर्तुळात लग्नं करत आले.

महाराष्ट्रात आज वंशावळ कपाटातून बाहेर निघते ती मुख्यतः दोन कामांसाठी: सात-बारावर वारस लावायला आणि जात पडताळणीला. सप्टेंबर २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मोडीतली दप्तरं उलथली गेली, कुणब्यांच्या नोंदी शोधल्या गेल्या. त्या कामी शाळेचा दाखला चालतो, महसुली नोंद चालते, निजामकालीन कागद चालतो. प्रयोगशाळेचा अहवाल चालत नाही, आणि हे योग्यच आहे. जात ही समाजाने लावलेली खूण. ती कुठल्याही गुणसूत्रावर लिहिलेली नाही. ‘तुमच्यात अमुक टक्के अमुक’ असं सांगणाऱ्या जाहिरातींपासून तर दूरच राहावं. ती टक्केवारी कंपनीपाशी तुलनेला असलेल्या नमुन्यांवर ठरते, आणि नमुने वाढले की त्याच लाळेचा निकाल बदलतो.

लाळ एकट्याची नसते, ही गोष्ट २०२३ मध्ये आकड्यांच्या भाषेत कळली. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरांनी फोडली. नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून त्या खात्यांना जोडलेल्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती आता कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न न्यायालयात उभा राहिला. अखेर कंपनीच्या सहसंस्थापक ॲन वोजित्स्की यांच्याच ना-नफा संस्थेने ती ३० कोटी ५० लाख डॉलरला घेतली. भारतात डीएनएच्या वापराचं नियमन करू पाहणारं २०१९ चं विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं.

तरीही ज्यांना नळी मागवायचीच आहे, त्यांनी आधी भावंडांना विचारावं, कारण निकालात त्यांचंही गुपित फुटू शकतं. आडनावाचा शोध असेल तर त्याच घराण्याच्या निदान दोन दूरच्या शाखांतले पुरुष घ्यावेत; एकट्याच्या वाय गुणसूत्राला ताडायला काहीच नसतं. आणि नळीच्या आधी एक फोन करावा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला. तिचं लग्नाआधीचं नाव, तिचं माहेर, तिच्या आईचं माहेर आणि आजीचं गाव एवढं विचारून तारखेसह लिहून ठेवावं. ही माहिती कुठल्याच कंपनीकडे नाही.